आईने परवानगी मागितलेली नाही

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मला काय समजलं ते आधी सांगते, चुकत असेन तर दुरुस्त करा. बाबा पाटबंधारे खात्यात होते, 2021 च्या मे महिन्यात गेले. आई 57 वर्षांची, इंदूरला राजेंद्र नगरात तुमच्या 82 वर्षांच्या आजींसोबत, म्हणजे आपल्या सासूबाईंसोबत राहते. तुम्ही पुण्यात, भाऊ इंदूरमध्येच पण वेगळा. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आई हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेली, मशीनवर अंगठा उमटेना, तेव्हा रांगेत मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मदत केली. ते 63 वर्षांचे, स्वतः बँकेतून निवृत्त, पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली, सुदामा नगरात मुलगा-सुनेसोबत राहतात. आता आई त्यांच्याशी लग्न करायचं म्हणतेय. भावाने बोलणं टाकलंय. आणि तुमचे प्रश्न असे: चार वर्षं म्हणजे लवकर नाही का, घराचं आणि पेन्शनचं काय होईल, आणि नक्की समजवायचं कोणाला, आईला की भावाला?

मी इंदूरमध्ये 24 वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते. सुरुवात पोलिसांच्या परिवार परामर्श केंद्रात झाली, तिथे रोज पाच-सहा जोडपी भांडत यायची. विधवा आईच्या लग्नाची प्रकरणं त्या मानाने थोडी, सगळी मिळून तीसेक असतील. त्यातही माझ्यापर्यंत येतात ती अडलेली घरं. ज्यांचं सुरळीत झालं ते माझ्याकडे कशाला येतील? तेव्हा माझं बोलणं थोडं सावधपणाकडे झुकलेलं वाटेल. कायद्याचं जे लिहिते आहे ते वकिलांशेजारी बसून शिकलेलं आहे, तुमचे कागद बघूनच त्यावर शेवटचं बोलता येईल.

आता मूळ गोष्ट. तुम्ही लिहिलंय, 'आईने आम्हाला विचारलं.' आणि लगेच खाली आईचं वाक्य जसंच्या तसं दिलंय: 'आम्ही लग्न करायचं ठरवतोय, तुम्हा दोघांना आधी सांगावंसं वाटलं.' यात प्रश्नचिन्ह कुठाय? आईने परवानगी मागितलेली नाही. तिने बातमी दिली, आणि ती शेजारणीकडून तुमच्या कानावर जायच्या आत स्वतःच्या तोंडून दिली. तुम्ही दोघं भावंडं मात्र टेबलावर अर्ज आल्यासारखे बसलाय. भावाने नामंजूर केलाय, तुम्ही विचाराधीन ठेवलाय.

हे थोडं टोचेल, पण माझ्या अनुभवात घरं अडतात ती इथेच. मुलांना वाटतं निर्णय आपल्या हातात आहे, म्हणून ती महिनोन्महिने निर्णयच देत नाहीत. आई वाट बघते, चिडते, मग एक दिवस न सांगता लग्न करून मोकळी होते, आणि 'बघा, आम्हाला विचारलंसुद्धा नाही' म्हणायला सगळे मोकळे. तेव्हा आईला समजवायचं काम यादीतून काढून टाका. तुमच्या वाट्याला दुसरी कामं आहेत, आणि ती बरीच आहेत.

'लवकर' या शब्दाबद्दल. नवरा जाऊन सहा-आठ महिने झालेली बाई लग्न ठरवते, घर विकते म्हणाली तर मी तिला वर्षभर थांबायला सांगते. एक पाडवा, एक गणपती, एक दिवाळी, त्यांचा वाढदिवस, मग वर्षश्राद्ध, हे दिवस एकदा सगळे अंगावरून जाऊ देत. दुःखात घाईने केलेले व्यवहार निस्तरायला फार जड जातात. तुमच्या आईचं ते वर्ष केव्हाच सरलं. आणि दुःख पूर्ण संपलं की मग, असं कोणी म्हणत असेल तर ते तसं संपत नसतं. माझ्या ओळखीतल्या एक बाई दुसऱ्या लग्नानंतर सात वर्षांनीही पहिल्या नवऱ्याच्या तिथीला पान वाढतात. त्या दिवशी केळीची पानं बाजारातून कोण आणतं? दुसरा नवरा.

अशा बायका पहिल्यांदा येतात तेव्हा मी प्रेमाबिमाबद्दल काही विचारत नाही. विचारते, संध्याकाळी सात ते नऊ काय करता? उत्तरं ऐकून आता पाठ झाली आहेत. टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. एकटीसाठी कुकर काय लावायचा, दूध-पोळी खाते. साडेआठला मुलाचा फोन येतो: जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. मुलं हे मायेनेच करतात, पण त्यात हजेरी घेतल्यासारखं होतं खरं. तुमचा भाऊ म्हणतो की 'आजी आहे ना सोबत', आणि तुम्हीच लिहिलंय की आजी मालिका संपवून आठला झोपतात. म्हणजे आठनंतर त्या घरात तुमची आई आणि भिंतीवरचं घड्याळ.

माझा दुसरा प्रश्न असतो: तब्येतीचा रिपोर्ट हातात आला की पहिला फोन कोणाला करता? तुम्ही ओघात लिहून गेलात की मागच्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला दोन दिवसांनी कळलं, 'ते' सोबत होते. तुम्हाला लागलं ते. लागणारच. पण तिने लपवलं असं मला वाटत नाही. तिला सोबतीला माणूस होतं, म्हणून पुण्याहून मुलीला सुट्टी टाकून बोलवावं लागलं नाही.

आणखी एक. मुलांना 'सोबत', 'आधार', 'म्हातारपणाची सोय' हे शब्द चालतात, प्रेम हा शब्द आईच्या बाबतीत चालत नाही. भावाचं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं काय, तर आई फोनवर हसते आणि तिने केसांना मेंदी लावायला पुन्हा सुरुवात केली. नवऱ्याच्या आजारपणात आणि नंतर जे थांबलं होतं ते परत सुरू झालं, याचा मुलाला राग यावा! तो राग खोटा नाही, त्याच्याकडे येतेच. पण हे लग्न 'आजारपणात कोणीतरी हवं म्हणून' आहे असं नातेवाइकांना सांगून सोपं करायचा मोह तुम्हाला होईल, तो टाळा. तिला तो माणूस आवडतो. हे तिच्या तोंडून एकदा ऐकून घ्या, मध्येच विषय न बदलता.

आता त्या गृहस्थांकडे वळू. इथे मात्र मी अजिबात हळवी नाही, तुम्हीही होऊ नका. त्यांच्या पत्नीचा मृत्यूचा दाखला बघायला मागा. लाजायचं काही कारण नाही, तुमच्या बाबांचाही दाखवा. आधीचं लग्न अजून कायद्याने उभं असेल तर दुसरं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं, आणि वेगळे राहतो म्हणजे सुटलो असं समजणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. कर्ज आहे का, कोणाला जामीन राहिलेत का, घर नक्की कोणाच्या नावावर आहे, साखर-बीपी किती, सगळं विचारायचं. लग्नाआधी पैशाची देवघेव नाही, जोडखातं नाही, मुखत्यारपत्र तर नाहीच. नवऱ्याच्या विम्याचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे ज्या बाईच्या खात्यात पडून असतात तिच्याभोवती गोड बोलणारे आपोआप जमतात. हे गृहस्थ तसे आहेत असं मी म्हणत नाही. तसे नसतील तर ते स्वतःच कागद पुढे करतील.

दुसरी शंका मला नेहमी याहून मोठी वाटते: त्यांना बायको हवी आहे की बिनपगारी नर्स? यासाठी माझी एक जुनी पद्धत आहे. त्यांच्या सुनेला एकटीला भेटा. दोन मिनिटांत घर कळतं. सासरे स्वतःचा चहा करतात का, सकाळचं अंथरूण कोण काढतं, पत्नीच्या शेवटच्या आजारात रात्री कोण जागलं. एका घरात सून हसून म्हणाली होती, 'बाबा पाण्याचा ग्लाससुद्धा उचलत नाहीत, लग्न झालं की मी सुटले.' मी त्या बाईंना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी तरीही लग्न केलं, पण आधी स्वयंपाकाला बाई ठेवायची अट घातली. डोळे उघडे ठेवून केलं म्हणून पुढे तक्रार नव्हती. तुमच्या आईच्या बाबतीत बँकेतला अंगठा आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन्ही वेळा मदत त्यांनी केली आहे. हे मला चांगलं लक्षण वाटतं, पण सुनेला भेटाच.

घर. तुम्ही 'आईचं घर' असं लिहिलंय आणि भाऊ 'बाबांचं घर' म्हणतो. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं, त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल, तर हिंदू वारसा कायद्याने ते आज चौघांचं आहे: आई, तुम्ही, भाऊ आणि आजी, प्रत्येकी चौथा हिस्सा. आजींचा हिस्सा ऐकून जवळपास प्रत्येक घरात लोक दचकतात, पण मुलगा मृत्युपत्राशिवाय गेला तर त्याची आई पहिल्या वर्गाची वारस असते. पुढे आजींच्या हिश्श्यात तुमचे काका-आत्या असतील तर तेही येतील. नगर निगममध्ये आईच्या नावाने नामांतरण झालेलं असेल तरी ते मुख्यतः कर भरण्यापुरतं, मालकी त्याने ठरत नाही.

आईने पुन्हा लग्न केलं तर तिचा चौथा हिस्सा जातो का? जात नाही. पूर्वी जायचा. 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण त्याच कायद्यात पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क मात्र काढून घेतला होता. एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं. 1956 च्या वारसा कायद्यानंतर विधवेला मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा असतो आणि पुनर्विवाहाने तो हिरावला जात नाही. पण लोकांच्या डोक्यात अजून 1856 च चालू आहे, आणि तुमच्या भावाच्याही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

भावाची भीती मात्र सगळीच पोकळ नाही, हे मान्य करा. आई उद्या मृत्युपत्राशिवाय गेली तर तिच्या हिश्श्याचे वारस तुम्ही, भाऊ आणि नवा नवरा, तिघं समान. म्हणजे बाबांच्या घराचा एक तुकडा सुदामा नगरात जाऊ शकतो. यावर उपाय लग्न थांबवणं हा नाही. आईने मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्यावी, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरचं तब्येतीचं प्रमाणपत्र सोबत ठेवावं. काय लिहायचं ते आई ठरवेल. तुमचं काम तिला चांगल्या वकिलाकडे नेऊन बाहेरच्या बाकावर बसणं. आत जाऊ नका, भावालाही जाऊ देऊ नका. उद्या कोणी 'दबावाखाली केलं' म्हणायला नको.

आणि आता जे सांगते ते नीट ऐका, कारण यात मी बायका बुडताना पाहिल्यात. मुलगा म्हणतो, कर लग्न, फक्त या कागदावर सही कर. तो कागद हक्कसोडपत्र असतो, इकडे कचेरीत त्याला हक त्याग म्हणतात. आई अपराधी वाटून सही करते. पाच वर्षांनी दुसरा नवरा जातो, त्याची मुलं म्हणतात की आता तुम्ही तुमच्या घरी जा. आणि तिचं घर उरलेलं नसतं. म्हणून मी दोन गोष्टी जवळजवळ आज्ञेसारख्या सांगते. आईने आपला हिस्सा सोडायचा नाही, विकायचा नाही. आणि त्या गृहस्थांनी आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवायचं की त्यांच्यामागे तिला त्या घरात हयातभर राहता येईल, मालकी भले मुलाची असो. हे लिहायला जो माणूस का-कू करतो त्याच्याबद्दल मी पुन्हा विचार करायला सांगते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

पेन्शनबद्दल वाईट बातमी. आईला बाबांमागे 28 हजार फॅमिली पेन्शन मिळते असं तुम्ही लिहिलंय. सरकारी नियमांचा साधारण साचा असा की विधवेला ती हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत मिळते. केंद्राच्या नियमांत मूल नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या अटीवर सवलत आहे, तुमच्या आईला ती लागू होणार नाही. बाबा राज्य सरकारात होते, म्हणून पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा आणि खात्याच्या पेन्शन शाखेत नियम लेखी विचारा. खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. बहुधा महिन्याला 28 हजार, म्हणजे वर्षाला 3 लाख 36 हजार, आई सोडणार आहे. लहान रक्कम नाही. ती भरून कशी निघणार यावर त्या दोघांनी पेन घेऊन बसायला हवं.

इथे कोणीतरी नक्की सांगेल, 'देवळात हार घाला, नोंदणी करू नका, पेन्शन चालू राहील.' हे करू नका. विधी करून झालेलं हिंदू लग्न नोंदणीशिवायही लग्नच असतं. मग दर नोव्हेंबरात 'मी पुनर्विवाह केलेला नाही' असं लिहून देणं ही फसवणूक झाली. नंतर वसुली निघते, आणि ती सहसा कोणीतरी नाराज नातेवाईकच काढतो. ज्या रांगेत ओळख झाली तिथेच दरवर्षी खोटं लिहून द्यायचं, हे या दोघांना शोभणार नाही.

लग्न न करता सोबत राहणं हा मात्र प्रामाणिक पर्याय आहे, आणि तो आता तितका नवाही नाही. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळच चालवलंय, तुम्ही तिथेच आहात, जाऊन बघता येईल. दोन सज्ञान माणसं एकत्र राहिली तर तो गुन्हा नाही, पेन्शन लग्न झाल्यावर थांबते. पण त्यात वारसाहक्क नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीला संरक्षण आहे, तेवढं सोडलं तर बाकीचं सगळं मृत्युपत्रात लिहून घ्यावं लागतं. आणि हॉस्पिटलमध्ये 'तुम्ही पेशंटच्या कोण?' याला एका शब्दाचं उत्तर नसतं. काही जोडपी घरं वेगळीच ठेवतात, दुपारपासून रात्रीपर्यंत एकत्र असतात. माझ्या ओळखीत असं एक जोडपं आहे, अकरा वर्षं झाली, दोघांची भांडी वेगळी म्हणून भांडण नाही असं त्या म्हणतात. तुमच्या आईला यातलं काय चालेल ते मला माहीत नाही. तिला लग्नच हवं असेल, नाव लावून, चारचौघांत, तर पैशाच्या हिशोबाने तिला त्यातून बाहेर ओढू नका. हिशोब समोर ठेवा आणि गप्प बसा.

लग्न करायचं ठरलं तर विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे 1954 च्या, तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य लागतं आणि तीन साक्षीदार. ती नोटीस कार्यालयात लागते. भाऊ बोलायला लागेपर्यंत ती लावायची घाई करू नये असं मला वाटतं, त्याला ते फलकावर वाचून कळू नये.

भावाकडे येते. घरच्या वादात 'बाबांचा अपमान' असं बोललं जातं तेव्हा निम्म्या वेळा आत घराचा हिस्सा असतो. आणि हिश्श्यावरून आरडाओरडा चालतो तेव्हा निम्म्या वेळा आत रडणं असतं. तुमच्या भावाचं कुठलं आहे ते मला इथून सांगता येणार नाही. पण तुमच्याच एका ओळीवर मी थांबले: मे 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत, रात्रभर ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी तोच फिरत होता, तुम्ही पुण्यात अडकला होतात, आणि दहाव्या दिवशी तो कामावर रुजू झाला. त्या काळात गेलेल्यांच्या मुलांना नीट रडायला मिळालेलं नाही. खांदा द्यायला माणसं नव्हती, तेराव्याला कोणी आलं नाही. आई सावरली, तो अजून त्या रात्रीत उभा आहे, आणि आई पुढे गेली म्हणजे आपल्याला तिथे एकटं सोडून गेली असं त्याला वाटतंय. असा एक मुलगा माझ्यासमोर तीन बैठका फक्त घराच्या नोंदणीवर बोलला. चौथ्या बैठकीत मी विचारलं, बाबांचा चष्मा कुठाय? त्याने खिशातून काढला.

म्हणून आधी त्याच्याशी बाबांबद्दल बोला, आईबद्दल बोलूच नका. त्या रात्रीबद्दल विचारा. तुम्ही तिथे नव्हता, याबद्दल तुमचंही काही बोलायचं राहिलंय असं वाटतं. हे एका फोनमध्ये होणार नाही. इंदूरला या.

आणि ओळख करून द्यायची वेळ येईल तेव्हा घरात नको. एका घरी ते गृहस्थ पहिल्यांदा आले आणि नेमके दिवंगत माणसाच्या आरामखुर्चीत बसले. त्यांना काय माहीत? मुलगी उठून आत गेली ती दोन वर्षं त्यांच्यासमोर आली नाही. पिपल्यापाला पार्कला घेऊन जा, तळ्याकाठी फिरा. शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, अर्धा ताण तिथेच जातो. भावाला आधीच सांगून ठेवा की या माणसाला बाबा म्हणायचं नाहीये, काका म्हटलं तरी पुष्कळ. फोटोचाही प्रश्न येईल. कुठल्याही घरात येतोच. एका घरी समझोता असा झाला की दिवाणखान्यातला मोठा फोटो मुलाकडे राहिला, लहानसा आईने आपल्या कपाटात नेला, आणि जुनं मंगळसूत्र नातीसाठी ठेवलं. तुमच्या घरी वेगळं ठरेल, पण ते लग्नाच्या आठवड्यात ठरवू नका.

लोक काय म्हणतील यावर तुम्ही तीन परिच्छेद लिहिलेत, मी एकच देते. इंदूरचं मराठी जग लहान आहे, राजेंद्र नगरात शिंकलं तर लोकमान्य नगरात रुमाल पुढे होतो, हे मलाही ठाऊक आहे. चार संक्रांतींना ज्यांनी तुमच्या आईला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, त्यांनाच आता तुमच्या बाबांची आठवण दाटून येईल. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला. एका गावाला जमलं ते आपल्या सुशिक्षित कॉलन्यांना जड जातंय. आणि शहर कोणाचं, तर अहिल्याबाईंचं! नवरा 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेला, सती जायला निघालेल्या सुनेला सासऱ्यांनी थांबवलं, पुढे तिने राज्य केलं. विमानतळाला आणि विद्यापीठाला तिचं नाव देणारं हे शहर एका 57 वर्षांच्या बाईच्या लग्नाने बुडणार नाही.

सासऱ्यांवरून आठवलं, आजी. तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांना कोणी काही विचारलंय असं दिसत नाही. त्यांना 'धक्का बसेल' म्हणून सगळे कुजबुजताय. 82 वर्षांच्या बाईने एकाच छपराखाली दोन वर्षं राहून काही ओळखलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? मी सासवांच्या बाबतीत पुष्कळदा चुकले आहे, दोन्ही बाजूंनी. एक आजी म्हणाल्या होत्या, 'माझा मुलगा गेला, तिचं आयुष्य कशाला नेऊ?' दुसऱ्या एक आजी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. पण दोघींच्याही मनात खरा प्रश्न एकच होता आणि तो कोणी उच्चारत नव्हतं: मग माझं कोण करणार? तुमच्या भावाने सगळं आईवर सोडलंय. आजी तुमच्या बाबांची आई आहेत. आता त्यांच्या औषधांचं, रात्रीच्या सोबतीचं, दवाखान्याचं वेळापत्रक तुम्ही दोघं भावंडं आणि काका असतील तर तेही, मिळून करा. आई लग्नानंतरही त्यांच्याकडे येत-जात राहील, बहुधा राहीलच, पण ते तिच्या मायेने, ड्युटी म्हणून नाही. हे वेळापत्रक तयार नसेल तर तुमची आई लग्न पुढे ढकलत राहील, आणि कारण कोणाला सांगणार नाही.

तेव्हा क्रम माझ्या मते असा: आजी, मग भाऊ, मग कागद. त्या गृहस्थांची भेट त्यानंतर. पीपीओची प्रत आणि घराची रजिस्ट्री कोणाच्या नावावर आहे हे कळलं की पुन्हा लिहा, नेमकं सांगता येईल. भाऊ तयार असेल तर त्याला माझ्याकडे एकटा पाठवा, तुम्ही सोबत येऊ नका. आजींना मात्र आज संध्याकाळीच फोन करा, आठच्या आत.